आल्सिदनं धरलेलं दार

आमच्या व्हेर्नोले गावात आल्सिद मोर्ने ओळखला जायचा तो दारं धरण्यासाठी. पावाच्या दुकानात शिरताना, टपाल कचेरीतून निघताना मागून कोणी येतंय अशी नुसती चाहूल लागली तरी हा दाराला हात लावून उभा. मागचा माणूस अजून चौकातल्या कारंज्यापाशी का असेना. मग त्या बिचाऱ्याला उगाचच धावत यावं लागे आणि वर धापा टाकत आभार मानावे लागत. गुडघे दुखणाऱ्या म्हाताऱ्या तर आल्सिद पुढे चाललेला दिसला की मुद्दाम रेंगाळायच्या. मागच्याच्या तोंडावर दार सोडणं आमच्याकडे असभ्यपणाचंच समजतात, पण आल्सिदनं त्याचं व्रत करून टाकलं होतं. लहानपणी आईनं याच कारणावरून भर चौकात त्याच्या मुस्कटात दिली होती म्हणे. पन्नाशी उलटली तरी तो गाल अजून चुरचुरत असावा.

त्याची दुसरी ओळख म्हणजे 'घाबरू नका' हे दोन शब्द. गाय व्यायला अडली, गारा पडल्या, कोणाच्या छातीत कळ आली, की आल्सिद हजर आणि पहिलं वाक्य ठरलेलं. त्याचा आवाज जड होता, हात मोठे होते, आणि त्यानं तसं म्हटलं की लोकांना खरंच बरं वाटायचं. त्यानं लग्न केलं नाही. थोरली बहीण लेओनी आणि तो, दोघंच वडिलांच्या घरात राहत. लेओनी म्हणजे त्याच्या अगदी उलट. ती वीज कडाडली तरी पलंगाखालून मांजर बाहेर काढायची आणि स्वतः तिथे शिरायची.

नोकरीला तो प्रयोगशाळेत होता. प्रयोगशाळा म्हणजे आमच्या शेतांखालची. वर गाई चरतात, मका उभा असतो, आणि खाली खोल जमिनीत एक गोल बोगदा आहे. त्याला पायी चक्कर मारायची तर सकाळी निघालेला माणूस दुपार टळल्यावर परत येईल, आणि मध्ये नकळत दुसऱ्या देशात जाऊन आलेला असेल. त्या बोगद्यात कणांचे झोत पळवायचे, एकमेकांवर आदळायचे आणि काय फुटून बाहेर पडतं ते बघायचं, म्हणजे जग कशाचं बनलंय ते कळतं, असं तिथली माणसं सांगतात. आपण मान डोलवायची.

आल्सिद काही शास्त्रज्ञ नव्हता. तो एका विहिरीच्या तोंडाशी, फाटकावर बसायचा. विहीर म्हणजे बोगद्यात उतरायची लिफ्टची विहीर, पत्र्याच्या एका मोठ्या शेडमध्ये. फाटकाशेजारी किल्ल्यांचा फळा होता आणि त्या फळ्यावर आल्सिदचा फार जीव. आत जाणाऱ्या प्रत्येकानं एक किल्ली काढायची, खिशात घालायची आणि बाहेर आल्यावर परत लावायची. फळ्यावरची एक जरी जागा रिकामी असली तरी यंत्र सुरूच होत नाही, तारा तशाच जोडल्यात. संचालकांनी डोकं आपटून घेतलं तरी नाही. एकदा एक पोर्तुगीज शास्त्रज्ञ किल्ली खिशात घालून थेट लिस्बनच्या विमानात बसला, तर अख्खा बोगदा पुन्हा पायी धुंडाळावा लागला, हाका मारत, प्रत्येक दारामागे बघत. एरवी एकदा धुंडाळून झालं की पुन्हा तसं करायची गरज नसते. मग नुसता फळा बघायचा. फळा भरला म्हणजे खाली कोणी नाही.

नवं यंत्र सुरू व्हायचं ठरलं त्या उन्हाळ्यात गावाचं डोकं फिरलं. टीव्हीवर कोणी चष्मेवाला येऊन म्हणाला की यातून एक बारीक कृष्णविवर तयार होईल, ते आधी बोगदा गिळेल, मग आमचा डोंगर, मग पृथ्वी. झालं. पाववाल्याकडे, न्हाव्याकडे, चर्चच्या पायऱ्यांवर दुसरा विषय नाही. चीज बनवणाऱ्या सहकारी डेअरीत तर एकानं गंभीरपणे विचारलं की सप्टेंबरात जग बुडणार असेल तर पुढच्या वर्षी पिकणारी चीजची चाकं आत्ताच स्वस्तात काढायची का. लेओनीनं खाणं सोडलं. दोनदा तिनं बॅग भरली. कुठे निघालीस म्हणून आल्सिदनं विचारलं तेव्हा तिला उत्तर सुचेना, कारण पृथ्वीच जाणार तर जायचं कुठे. तिनं बॅग परत रिकामी केली आणि रडत बसली.

आल्सिदनं ही सगळी भीती स्वतःच्या अंगावर घेतली. त्यानं प्रयोगशाळेतल्या एका मोठ्या माणसाकडून नीट समजून घेतलं आणि मग गावभर सांगत फिरला. आकाशातून याच्या कितीतरी पट जोरदार कण कोट्यवधी वर्षं चंद्रावर आदळतायत, चंद्र आहे ना जागेवर? मग आपण कशाला घाबरायचं? हे त्याचं चंद्राचं उत्तर इतकं गाजलं की प्रयोगशाळेनं स्वागतकक्षातल्या मुलींना तेच पाठ करायला लावलं. दिवसभर फोन यायचे, जगाच्या कुठल्या कुठल्या कोपऱ्यातून, आणि त्या मुली आल्सिदच्याच शब्दांत लोकांना चंद्र दाखवायच्या. त्याला याचा फार अभिमान वाटे. पत्ते खेळताना तो हे दर रविवारी सांगे.

रविवारी त्याचा पत्त्यांतला जोडीदार म्हणजे गास्पार. गास्पार बोगद्यात मोजणीचं काम करायचा. तिथली अवजड चुंबकं एका रेषेत आहेत की केसभर सरकलीत, ते तिपाई लावून बघायचं. दोघं एकाच शाळेत, एकाच बाकावर होते. गास्पारचं ओदेतशी लग्न झालं त्यात साक्षीदार आल्सिदच, आणि ओदेतच्या घरी रविवारचं जेवण आल्सिदशिवाय कधी वाढलं गेलं नाही. चंद्राची गोष्ट सुरू झाली की गास्पार पत्ते खाली ठेवून हात जोडायचा.

"बाबा रे, चंद्राला सोड आता. तोच घाबरून निघून जाईल एखाद्या दिवशी."

तर तो सप्टेंबरातला दिवस उजाडला. हवा स्वच्छ होती, तळ्यापलीकडचा बर्फाचा डोंगर स्पष्ट दिसत होता, आणि गावात 'बीज' सुटलं होतं, म्हणजे आमचा तो उत्तरेचा बोचरा वारा. यंत्र दुपारी दोनला सुरू व्हायचं होतं. मंत्री येणार, कॅमेरे येणार, शँपेन फुटणार. मुख्य फाटकावर निषेधवाले फलक घेऊन सकाळपासून उभे होते. आल्सिदच्या शेडमध्ये मात्र शांतता होती. फक्त चाचणीचे भोंगे अधूनमधून ओरडत होते. ते इतक्या वेळा ओरडले की शेवटी कबुतरंसुद्धा उडेनाशी झाली.

आल्सिदच्या फाटकाची नेहमीची काचेची चौकट, जिच्यात एका वेळी एकच माणूस मावतो आणि किल्ली लावल्याशिवाय जी फिरत नाही, ती आठवडाभर दुरुस्तीला काढली होती. तिच्या जागी तात्पुरतं लोखंडी दार बसवलं होतं. किल्ली लावली की उघडायचं, सोडलं की बंद व्हायचं. साधं घरच्यासारखं दार.

गास्पार सकाळी आत जाऊन आला होता, किल्ली फळ्यावर लावून कॉफी प्यायला होता. मग त्याला काहीतरी खटकलं. एका चुंबकाचं माप त्याच्या मनासारखं नव्हतं. एका हातात तिपाई, दुसऱ्यानं खांद्यावरची पेटी सावरत, तोंडात पेन्सिल धरून तो पुन्हा फाटकाकडे आला. त्याच वेळी आल्सिद आत निघाला होता. लिफ्टच्या तोंडाशी त्याचा विजेरी दिवा राहिला होता. त्यानं आपली किल्ली काढली, दार उघडलं आणि मागे बघितलं. गास्पारचे दोन्ही हात भरलेले.

आल्सिदनं दार धरलं.

गास्पारनं पेन्सिलीमागून काहीतरी 'हं हं' केलं आणि आत शिरला, लिफ्टनं खाली गेला. आल्सिदनं दिवा घेतला, बाहेर आला, किल्ली जागेवर लावली. फळा भरला. हिरवा दिवा लागला. नियंत्रणकक्षातून विचारणा झाली तेव्हा त्यानं नेहमीप्रमाणे सांगितलं, "फळा पूर्ण." मग त्यानं टोपी घातली आणि बाराच्या आत घरी जेवायला निघाला, कारण सोहळा साहेबलोकांचा होता आणि आमच्याकडे बाराला जेवायला घरी नसणं म्हणजे एकतर माणूस तुरुंगात असावा नाहीतर दवाखान्यात.

त्याच्या मनात एक क्षणही काही आलं नाही, हे त्यानं पुढे चौकशीत सांगितलं तेव्हा साहेबांना खरं वाटेना. मला खरं वाटतं. दार धरताना आपण विचार करतो का?

घरी लेओनीनं बटाटे आणि सॉसेज केलं होतं, पण स्वतः एक घास घेतला नव्हता. ती टीव्हीसमोर बसली होती, हातात जपमाळ. मंत्र्यांना संध्याकाळी राजधानीत काही काम निघालं म्हणून कार्यक्रम अलीकडे ओढला होता आणि यंत्र आत्ताच सुरू होणार, असं निवेदक सांगत होता. आल्सिद जेवता जेवता तिला समजावत होता. एकदम नाही काही होत, झोत थोडा थोडा पुढे सोडतात. मध्ये मध्ये धातूचे ठोकळे आडवे असतात. एक भाग नीट झाला की तिथला ठोकळा काढायचा, मग पुढचा भाग. अगदी सावकाश. आणि फळा मी स्वतः बघून आलोय. टीव्हीवर टाळ्या वाजल्या. पहिल्या भागातून झोत गेला. लेओनीनं डोळे मिटले, उघडले, आणि खिडकीबाहेर गाई आहेत का ते बघितलं.

तेवढ्यात फोन वाजला. ओदेत होती, आणि रागावलेली होती.

"आल्सिद, तुझ्या मित्राला सांग, सूप तिसऱ्यांदा गरम करतेय मी. तुझ्याकडे बसलाय ना तो? पाठव त्याला."

आल्सिदच्या तोंडात बटाट्याचा घास होता. तो तसाच राहिला. गास्पार जेवायला घरी नाही, हे वाक्य त्याच्या डोक्यात शिरेना, कारण गास्पार जन्मात कधी जेवायला चुकला नव्हता. मग ते शिरलं. आणि त्याच्यामागोमाग पेन्सिल तोंडात धरलेला गास्पार, त्याचे दोन्ही भरलेले हात, आणि आपला स्वतःचा हात, लोखंडी दारावर. फळ्यावरची गास्पारची किल्ली हललीच नव्हती.

टीव्हीवर लोक एकमेकांना मिठ्या मारत होते.

"ऐकतोयस ना?" ओदेत म्हणाली. "टीव्हीवर ते सुरू झालेलं दाखवतायत. त्याला काही झालं नाही ना रे?"

"नाही, नाही," आल्सिद म्हणाला. आवाज अगदी नेहमीचा निघाला, जड आणि ठाम. त्याचं त्यालाच आश्चर्य वाटलं. "निघालाय तो. येईलच. घाबरू नकोस."

फोन ठेवला आणि त्यानं प्रयोगशाळेचा नंबर फिरवला. नियंत्रणकक्षाचा थेट नंबर वार्ताहरांच्या हाती लागला होता म्हणून तो दोन दिवसांपूर्वीच बंद केला होता. बाहेरचा प्रत्येक फोन स्वागतकक्षात. बऱ्याच वेळानं एका मुलीनं उचलला.

"यंत्र थांबवा," आल्सिद ओरडला. "ताबडतोब थांबवा, माणूस मरेल!"

"साहेब, तुमची काळजी आम्ही समजू शकतो," ती मुलगी म्हणाली. सकाळपासून हेच बोलून तिचा घसा बसला होता. "आकाशातून याहून कितीतरी पट जोरदार कण कोट्यवधी वर्षं चंद्रावर आदळत आहेत, आणि चंद्र जागेवर आहे. आपण घाबरण्याचं काही कारण नाही."

"अगं बाई, मी आल्सिद, फाटकावरचा! आत माणूस राहिलाय!"

"हो साहेब. अभिप्रायाबद्दल आभारी आहोत."

आणि फोन कट. त्यानं पुन्हा लावला तर लाइन व्यस्त. पुन्हा लावला, व्यस्त. जगभरचे घाबरलेले लोक त्या एका तारेवर बसले होते, नसलेल्या राक्षसाची चौकशी करत, आणि गास्पारला त्यांच्यात जागा नव्हती. त्या मुलीचा दोष नव्हता. आल्सिदचेच शब्द तिनं आल्सिदला ऐकवले होते. त्याला कोणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं.

लेओनी उभी राहिली होती. "आलं का ते?" तिनं पुटपुटत विचारलं. "विवर?"

"गास्पार आत आहे, लेओनी. बोगद्यात. मी त्याला आत घेतलं आणि सोडून आलो."

मला याचं नेहमी नवल वाटतं. महिनाभर सावलीला भिणारी ती बाई. तिनं जपमाळ टेबलावर ठेवली, गाडीची किल्ली त्याच्या हातात कोंबली आणि त्याच्याकडून फोन ओढून घेतला. म्हणाली, मी लावत राहते, तू जा. आणि खरोखरच लावत राहिली. त्या मुलीनं तिला दोनदा चंद्र ऐकवला, तिनं चंद्राला अशा शिव्या दिल्या की शेजारीण कुंपणापाशी येऊन उभी राहिली.

आल्सिदनं मुख्य रस्ता सोडला, कारण तिथे निषेधवाले होते, आणि दूधवाल्यांच्या कच्च्या वाटेनं गाडी घातली. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, सगळा मुलूख जेवत होता. उघड्या खिडक्यांतून काट्याचमच्यांचा आवाज येत होता आणि जिकडेतिकडे टीव्हीवर तेच कौतुक चाललं होतं. गाडी उसळत होती. आपण ज्या जमिनीवरून चाललोय तिच्याच पोटात गास्पार पाठीवर झोपून कुठल्यातरी चुंबकाखाली माप घेत असणार, हे त्याला दिसत होतं. झोत सुरू असताना बोगद्यात माणूस असणं म्हणजे काय, ते त्याला शिकवलेलं होतं. झोत जरा भरकटून भिंतीला लागला तरी तिथे जे काही सांडतं ते रंगहीन, वासहीन असतं. माणसाला आधी कळतसुद्धा नाही. मग कळतं.

शेडमध्ये फाटकावर लाल दिवा लागलेला होता. आल्सिद गाडीचं दार उघडं टाकून धावला. फाटकाच्या बाजूला काचेआड एक लाल दांडा होता, सगळं यंत्र एका झटक्यात पाडणारा. इतक्या वर्षांत त्यानं त्याच्यावरची धूळ तेवढी पुसली होती. त्यानं कोपरानं काच फोडली आणि सगळ्या वजनानिशी दांडा ओढला.

जमिनीखालची घरघर, जी असते तेव्हा ऐकू येत नाही, ती थांबली.

लगेच भिंतीवरचा अंतर्गत फोन वाजला. नियंत्रणकक्षातून मार्गिट होती, हंगेरीची इंजिनियर, त्या दिवशी यंत्राची सूत्रं तिच्याच हातात होती. मागे गलका ऐकू येत होता, मंत्री काहीतरी विचारत होते. तिनं फ्रेंचमध्ये, मग स्वतःच्या भाषेत विचारलं की हे कोणी केलं, कोण मूर्ख आहे.

"मी आल्सिद. गास्पार खाली आहे."

"शक्य नाही. फळा पूर्ण आहे. तुम्हीच सांगितलंत."

"मी दार धरलं होतं, मादाम. त्याचे हात भरलेले होते. तो माझ्या किल्लीवर आत गेला."

तिनं लगेच विचारलं, कुठल्या भागात. त्यानं आपल्या विहिरीखालचा भाग सांगितला. मग ती दुसऱ्या कोणाला तरी हलक्या आवाजात म्हणाली की हात काढ, कशालाही हात लावू नकोस. आणि परत फोनवर आली तेव्हा तिचा आवाज ओळखू येत नव्हता.

"पुढचा भाग तोच होता," ती म्हणाली. "ठोकळा काढायचं बटण माझ्या बोटाखाली होतं. मंत्र्यांबरोबर फोटो काढायचा म्हणून थांबले होते मी. फोटोसाठी."

नंतर अहवालात लिहिलं गेलं की कोणत्याही वेळी कोणालाही धोका उद्भवला नाही. खरंच आहे, नाही उद्भवला. एक छायाचित्रकार कॅमेऱ्याची काच पुसत बसला म्हणून.

लिफ्ट वर आली. गास्पार बाहेर पडला, खांद्यावर पेटी, कपाळावर वंगणाचा डाग. तो वैतागलेला होता.

"दिवे कोणी घालवले रे? एकच माप राहिलं होतं. आणि सकाळपासून हे भोंगे! मघाशी तर इतका वेळ वाजले, की म्हटलं चाचणीवाल्यांना आज जेवण नाही वाटतं."

आल्सिदच्या कोपरातून रक्त ठिबकत होतं. गास्पारनं ते पाहिलं, फुटलेली काच पाहिली, मग भरलेला फळा पाहिला. हसत म्हणाला, अरे वेड्या, यंत्र कसं सुरू होईल, माझी किल्ली माझ्या खिशात नाही का? आणि त्यानं खिशात हात घातला. एका खिशात मोजपट्टी होती. दुसऱ्या खिशात रुमाल होता. तो पुन्हा पहिल्या खिशात चाचपू लागला. मग त्याचा हात तिथेच थांबला. इशाऱ्याचा भोंगा ऐकूनही तो पाठीवर पडून राहिला होता तो त्या किल्लीच्या भरवशावर, आणि ती फळ्यावर लटकत होती. तिपाई हातातून सुटून खणखणत पडली. तो भिंतीला पाठ टेकून खाली बसला.

मग डॉक्टर आले, साहेब आले, गास्पारच्या छातीवरचा किरण मोजणारा बिल्ला तपासायला गेला आणि कोरा निघाला. टीव्हीवर सांगितलं की किरकोळ तांत्रिक कारणानं थोडा खंड पडला होता. तिन्हीसांजेला, बोगदा पुन्हा पायी धुंडाळून झाल्यावर, यंत्र सुरू झालं, झोतानं अख्खी फेरी मारली, जग जागेवर राहिलं. शँपेन फुटली. निषेधवाले आपले फलक गुंडाळून घरी गेले, थोडेसे खट्टू होऊन.

आल्सिद गास्पारला गाडीतून घरी सोडायला गेला. वाटेत गास्पार एवढंच म्हणाला की ओदेतला काही सांगायचं नाही. ती झोपणार नाही मग. काम लांबलं म्हणू. आल्सिदनं होकार दिला. हे त्याला जमणारं काम होतं.

ओदेतनं दोघांना दारातच झापलं. दुपारचं सूप कोणी खाईना म्हणून मांजराला घातलं म्हणाली. तरी तिनं ताटं मांडली, कांद्याची परतलेली भाजी आणि निळं चीज काढलं. गास्पार मान खाली घालून जेवू लागला. त्याच्या हातातला काटा ताटावर टकटक वाजत होता, आणि तो दुसऱ्या हातानं तो धरून ठेवत होता. ओदेतनं त्या हाताकडे बघितलं. मग आल्सिदच्या कोपरावरच्या पट्टीकडे. ती हळूच खुर्चीवर बसली.

"काय झालंय?" तिनं विचारलं.

गास्पार म्हणाला, काही नाही, काम लांबलं. आल्सिदनं तोंड उघडलं, पण जे म्हणायचं ठरलं होतं ते निघेना. बाई त्याच्याकडे सरळ बघत होती, आणि त्याला दुपारचा आपलाच आवाज आठवला, फोनवरचा, किती छान निघाला होता तो. त्यानं सगळं सांगून टाकलं. दार, किल्ली, फळा, ठोकळा, फोटो. गास्पार मध्येच 'पुरे, पुरे' म्हणत होता, पण तो थांबला नाही.

ओदेत हलली नाही. तिच्या चेहऱ्याचा रंग उतरत गेला, कपाळापासून ओठांपर्यंत. ती रडेल, ओरडेल, काहीतरी फेकून मारेल, असं आल्सिदला वाटत होतं, आणि त्यानं ते मनोमन मागितलंही असेल. तिनं फक्त हात लांबवून गास्पारची बाही घट्ट धरली. मग ती अगदी हलक्या आवाजात बोलली.

"मी फोन केला, तेव्हा तुला माहीत होतं?"

"तुझा फोन आला तेव्हाच कळलं."

"मी विचारलं होतं तुला. त्याला काही झालं नाही ना, असं विचारलं होतं."

"हो."

"तू म्हणालास निघालाय. मी सुपाखालचा गॅस बारीक केला आणि रेडिओ लावला, आल्सिद. गाणं म्हणत होते मी. तो तिथे पडला होता आणि मी इथे गाणं म्हणत होते." तिनं बाही सोडली नव्हती. "मला निदान घाबरू तरी द्यायचंस."

आल्सिदला काहीतरी बोलायला हवं होतं. समोर एक बाई थरथरत होती, आणि अशा वेळी काय म्हणायचं ते त्याला सबंध आयुष्य माहीत होतं. ते दोन शब्द सवयीनं ओठांवर आलेही. तो तोंड उघडं ठेवून तिच्याकडे बघत राहिला, आणि मग त्यानं ते मिटलं.